तात्यांची भाकरी आणि पावाचा साहेब

आमच्या कळस गावात गुलाबतात्यांना जेवायला बोलवायचं ठरलं की त्या घरच्या बाईला आदल्या दिवसापासून धडधडायला लागतं. तात्या खातात फार नाही. पण जेवायच्या आधी ते ताटातली भाकरी उचलतात, दाराच्या उजेडात धरतात, एक डोळा मिटून तिच्याकडे बघतात आणि मग मडकं घेताना वाजवून बघावं तशी बोटाच्या पेरानं तिला टिचकी मारून कानाजवळ नेतात. घरातली माणसं हातातला घास हातात धरून थांबतात.

"भाकरी बोलली पायजे," हे तात्यांचं म्हणणं. बोलली, तर ते काही न बोलता जेवायला लागतात आणि घरातली बाई पुढचा महिनाभर ताठ मानेनं फिरते. नाही बोलली, तर ते फक्त म्हणतात, "असूंदे, असूंदे. भूक लागल्यावर समदं ग्वाडच लागतंय." एवढं ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या. वरच्या आळीतल्या एका मावशींना हे वाक्य एका बारशाला ऐकावं लागलं, त्यांनी तेव्हापासून तात्यांच्या घरावरून जायचा रस्ताच बदललाय.

मी मूळची बारामतीची. आमच्याकडे रोज पोळ्या आणि भाकरी म्हणजे आमटीबरोबर कधीतरी हौसेनं आणलेली. लग्न होऊन कळसला आले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच शेजारचे तात्या जेवायला आले. सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं माझी भाकरी त्यांना वाढली. तात्यांनी ती उजेडात धरली. टिचकी मारली. कान लावला. पुन्हा टिचकी मारली. मग भाकरी ताटात ठेवली आणि अगदी मायेनं विचारलं, "सूनबाई, बारामतीत भाकरी हाटेलातनं आणत्यात व्हय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई माझ्यावर चिडल्या, मग तात्यांवर चिडल्या, मग नवऱ्यावर, कारण तो हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तात्या दारात उभे. डोक्याला पांढरी टोपी, अंगात स्वच्छ सदरा आणि काखेत स्वतःचा तवा.

"चल. शिकवतो."

तुम्ही विचार करा. नवी सून, शेजारचा म्हातारा पुरुषमाणूस आणि चुलीपुढे भाकरीची शिकवणी. आळीतल्या बायका काही ना काही कारण काढून आमच्या दारावरून जात होत्या. कुणाला विरजण हवं होतं, कुणाची कोंबडी हरवली होती. तात्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते मला ओरडत होते. पाणी उकळतं घे. पीठ असं रगड की तळहाताला घाम आला पाहिजे. थापताना भाकरीकडं बघ, दाराकडं बघू नको. तव्यावर टाकली की वरनं पाणी फिरव, ते सुकायच्या आत उलटलीस तर बघ. माझी पहिली भाकरी तव्यावर चिरली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "नवऱ्याशी भांडलीयास व्हय?"

खरोखरच भांडले होते. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाय. तव्याला कळतंय."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. तव्याला सगळं कळतं. बाई घाईत आहे, बाई रुसली आहे, पीठ शिळं आहे, शाळू कोरड्यातला आहे की पाण्याचा आहे. एकदा गावच्या सोसायटीची निवडणूक होती आणि कोण येणार याची पैज लागली होती. तात्या म्हणाले, "तव्याला इचारून सांगतो." आणि सांगितलं ते बरोबर निघालं. अर्थात गावाला ते आधीपासून माहीतच होतं, पण श्रेय तव्याला गेलं.

महिनाभरानं माझी भाकरी बोलली. तात्यांनी ती कानाजवळ धरली, सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "आता ही कळसची झाली." मला पुढे नोकरी लागली, बढती मिळाली, पण तेव्हा वाटलं होतं तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

पुरुषमाणसाला ही विद्या आली कुठून, हे सांगायला हवं. तात्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. पोरगेले असताना वडलांच्या मागं ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. वाटेत कधी बायामाणसं पुढच्या मुक्कामाला गेलेली असायची. मग तीन दगडांवर तवा आणि पुढ्यात पीठ. परात नाही, लाकडाची काटवट नाही, तर भाकरी थापायची कुठं? दोन तळहातांवर. तात्या आजही रंगात आले की तशी करून दाखवतात. पिठाचा गोळा या हातावरून त्या हातावर टप टप उड्या मारतो आणि बघता बघता त्याची भाकरी होते. त्यात त्यांचं तोंडही चालू असतं. "लांडगा बघायचा, मेंढरू बघायचं आन् भाकरी बी बघायची. तुमाला काय, गॅस हाय, वटा हाय, पंखा हाय."

मेंढरं गेली, पाटाचं पाणी आलं, ऊस आला. लग्न झालं. बायको शेळगावची, पारूबाई. त्यांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते म्हणजे तात्यांना चुलीपुढून उठवलं. "बापय मानसानं हितं बसायचं न्हाय," म्हणाल्या आणि तात्या जे उठले ते त्या जाईपर्यंत चुलीपुढं बसले नाहीत. पारूबाईंना मी पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या थोडं आधीच त्या गेल्या. मी त्यांना ओळखते ती तात्यांनी काढलेल्या खोड्यांमधून.

"आमच्या मंडळीची थाप जड. शेळगावचीच ती. तितल्या भाकरीत दोन भाकऱ्या बसत्यात."

"मंडळीची भाकरी पोट भरायला ठीक. बघायला माझी."

"माझ्या भाकरीचा पापुद्रा बघ. हाय का? मंडळीला जमला न्हाय कधी."

प्रत्येक वेळी सामना व्हायचा, प्रत्येक वेळी तात्या जिंकायचे. समोर उत्तर द्यायला कुणी नव्हतं ना.

तर असे तात्या एकटे राहत होते, रोज पहाटे चूल पेटवत होते, भाकरी करून खात होते आणि गावभर टिचक्या मारत हिंडत होते. मग एका सकाळी सदऱ्याच्या बाहीला जाळ लागला. भाजलं मनगटापासून कोपरापर्यंत. माझ्या नवऱ्यानं त्यांना इंदापूरला दवाखान्यात नेलं. गाडीत बसवताना तात्या त्याला सांगत होते की तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, ती आधी उलट आणि मग गाडी काढ.

त्यांचा मुलगा भास्कर पुण्यात नोकरीला आहे. चांगला मुलगा. धावत आला, बापाच्या पट्टीकडे बघून त्याचे डोळे भरले आणि पुढच्या शनिवारी तो एक मोठं खोकं घेऊन आला. त्यातून एक पांढरी, झाकणाची, चौकोनी पेटी निघाली. झाकणाला बारीक काच, पुढे बटणं.

"पाव करायचं मशिन आहे, तात्या. आत पीठ, पाणी, मीठ, साखर, यीस्ट घालायचं आणि बटण दाबायचं. मळतं तेच, फुगवतं तेच, भाजतं तेच. जाळ नाही, धूर नाही. सकाळी दुधाबरोबर पाव खायचा. दुपारचा आणि रात्रीचा डबा शेजारून येईल."

तात्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "आत काय करतंय ते नीट दिसायचं न्हाय?"

"दिसायची गरज नाही."

"आन् झाल्यावर?"

"घंटी वाजवतं."

"मापात दिलं तरच घेतंय, दार लावून बसतंय, आत काय करतंय कुणालाच कळत न्हाय आन् टायम झाला की घंटी वाजवतंय." तात्यांनी मान हलवली. "ह्यो तर साहेब हाय."

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव साहेब पडलं.

भास्कर हसला, पण जाताना त्यानं जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिवाळीला तो येणार होता. तोपर्यंत चूल बंद करून साहेबावर भागलं तर ठीक. नाहीतर तात्यांनी गाडीत बसायचं आणि कायमचं पुण्याला यायचं.

पुणं तात्यांनी बघितलं होतं. पारूबाई गेल्यावर भास्करनं त्यांना नेलं होतं, सामानसुमानासकट. पहाटे तात्यांनी फरशीवर परात घेऊन भाकऱ्या थापायला सुरुवात केली आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. आमच्या डोक्यावर पहाटेचं काय आपटताय, म्हणाले. तात्यांनी त्यांना आत बोलावून गरम भाकरी खायला घातली. ती त्यांनी खाल्ली आणि उद्यापासून आपटू नका असं सांगून गेले. आठवड्याच्या आत तात्या कळसला परत. "ज्या घरात भाकरी थापल्याली आयकू याया नगं, तितं मानसं ऱ्हात्यात कशी?" असं ते पुढे कितीतरी दिवस प्रत्येकाला विचारत होते.

त्यामुळे आता त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. "सूनबाई, मला हे घर सोडायचं न्हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीचा तोरा नव्हता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

पण तात्या ते तात्या. दुसऱ्या दिवशी आम्हा कुणालाही न विचारता त्यांनी साहेबाला कामाला लावलं. पाव म्हणजे मैद्याचा, हे भास्कर सांगून गेला होता. तात्यांना ते पटलं नव्हतं. मैदा हे काय माणसाचं खाणं आहे? त्यांनी घरचं शाळूचं पीठ घेतलं, भाकरीला घेतात तसं खळखळ उकळतं पाणी ओतलं, वर ती यीस्टची पूड टाकली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. साहेब दुपारपर्यंत आत घरघरत राहिला. मग घंटी वाजली.

जे निघालं त्याला काय म्हणावं, हे अजून गावात ठरलेलं नाही. रंग ओल्या मुरमाचा. चारी कोपरे जागच्या जागी. ते भांड्यातून निघेना, तेव्हा तात्यांनी भांडं उंबऱ्यावर आपटलं. उंबऱ्याचा टवका उडाला. तात्यांनी त्याला टिचकी मारली आणि कान लावला.

"बोलतंय की," ते आनंदानं म्हणाले. "पर धोंड्यावानी बोलतंय."

मग त्यांनी ते काखेत मारलं आणि देवळाच्या कट्ट्यावर नेलं. एकानं बुक्की मारून बघितली आणि दिवसभर हात चोळत बसला. तेवढ्यात उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चढावर थांबला. ड्रायव्हर चाकाखाली लावायला दगड शोधत होता. तात्यांनी पुढं होऊन ते पावाचं ढेकूळ चाकाखाली सरकवलं. ट्रॉली जागची हलली नाही. ड्रायव्हर चहा पिऊन आला, आणखी एक पिऊन आला, तरी हलली नाही. कट्ट्यावर टाळ्या पडल्या. तात्यांनी माझ्या नवऱ्याला फोन लावायला सांगितलं आणि भास्करला चित्रासकट सगळं दाखवलं.

"बघ तुझा साहेब. भरल्याली ट्रॉली धरून उभा हाय. खायाला नापास, पर घाटात कामाला येतोय."

भास्कर पोट धरून हसला. मग म्हणाला, "तात्या, ज्वारीचा पाव फुगत नाही. आणि उकळत्या पाण्यानं यीस्ट मरतं. गव्हाचं पीठ घाला, पाणी कोमट घ्या." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "दिवाळीला मी येतोय. लक्षात आहे ना?"

तात्यांच्या लक्षात होतं. त्या संध्याकाळी ते खपली गव्हाचं पीठ घेऊन आले. "सूनबाई, ह्या साहेबाला वठणीवर आणाया पायजे."

मग आमची दुसरी शाळा सुरू झाली. यावेळी शिकणारे दोघं. खपलीचा पाव बसका झाला. साध्या गव्हाचा बरा झाला, पण मधोमध खड्डा पडला. तात्या पाट घेऊन साहेबापुढं बसायचे आणि झाकणाच्या काचेतून आत बघत त्याच्या खोड्या काढायचे. आत तळाला एक छोटं पातं असतं, ते फिरून पीठ मळतं. तात्यांना तो मोठा विनोद वाटला. "हात न्हाय, नुसतं एक बोट हाय बघ! एका बोटानं मळतंय गडी." मग जरा वेळानं, माझं लक्ष नाही असं बघून, "पर मळतंय बरं. दम हाय."

एकदा मी विचारलं, "तात्या, काचेला कान काय लावताय?"

"काय न्हाय. पोटात काय गुरगुरतंय का बघतोय," ते म्हणाले आणि टोपी सारखी करत उठले.

अखेर एक दिवस पाव फुगला. डोक्यावर गोल, रंगानं बदामी. वास आमच्या घरापर्यंत आला. सासूबाईंनी दुधात बुडवून दोन काप खाल्ले आणि तिसरा मागितला. तात्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "चावायच्या आधीच गिळून जातंय. ह्याला खानं म्हनत न्हाईत." मग उरलेला सगळा पाव आळीत वाटला. प्रत्येक दारात सांगत होते, "ह्यो मी केलाय बरं का. साहेबानं न्हाय, मी."

दिवाळीला भास्कर आला, बायको आली, मुलगी आली. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं पळसदेवहून ताजी चिलापी आणली आणि तात्यांनी अंगणात जाहीर करून टाकलं की आज निकाल लागेल. एका बाजूला साहेबाचा पाव, दुसऱ्या बाजूला तात्यांची भाकरी, मधे माशाचं कालवण. पंच म्हणून माझ्या सासूबाई. त्यांनी त्या दिवशी इरकल नेसली होती.

पावाचं कालवणापुढं काही चाललं नाही. रश्शात घातला की तो फुगायचा आणि बसायचा. "बघा," तात्या म्हणाले, "पावानं रस्सा पिला आन् झोपला." भास्करची बायको हसली. नात म्हणाली, मला जॅमबरोबर पावच हवा, तर तात्या म्हणाले, "तुझं मत धरत न्हाय, तुला अजून समदं दात आलं न्हाईत." भास्कर मात्र मान खाली घालून भाकरी चुरत होता. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला तो थांबला.

"आईच्या हातासारखी झालीय, तात्या."

"तुझ्या आयची एवढी पातळ नव्हती," तात्या ताडकन म्हणाले. "शेळगावची थाप ती."

सासूबाईंनी निकाल दिला. भाकरी. जमलेली आळी हसली, तात्यांनी टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला. त्यांच्या चेहऱ्यावर अशी शोभा होती की मला त्यांचा अभिमान वाटला. म्हटलं, हा माणूस आमच्या शेजारी राहतो आणि याच्या हाताखाली मी शिकलेय. पण भास्कर हसत नव्हता. त्यानं तात्यांचा भाजलेला हात हातात घेतला. कातडी अजून गुलाबी आणि चकचकीत होती.

"तात्या, चवीचा प्रश्नच नव्हता. तुमची भाकरी चांगली हे काय मला माहीत नाही? हा हात बघा. पुढच्या वेळी शेजारी कुणी जागं नसलं तर? चूल बंद करणार की नाही, सांगा. नाहीतर सामान भरू."

तात्यांनी हात सोडवून घेतला नाही. सगळ्यांना वाटलं, आता भांडण होणार. तात्या साहेबाला उचलून पाटाच्या पाण्यात सोडायला निघणार, असंच मला वाटलं होतं.

"चूल बंद," तात्या म्हणाले. "दुपारची भाकरी गॅसवर करीन, बाही दुमडून. आन् सकाळचं साहेब. ऱ्हाऊंदे त्याला हितंच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या सहज? भास्करला वाटलं तो जिंकला. तो समाधानानं पुण्याला गेला आणि जाताना पाव करायच्या पिठाची मोठी पिशवी ठेवून गेला. तात्यांनी त्याला वेशीपर्यंत पोचवलं आणि घर आपल्याकडं राहिलं म्हणून परत येताना गुणगुणत आले.

पण मला काहीतरी खटकत होतं, आणि पुढे ते वाढतच गेलं. कारण तात्या पाव खातच नव्हते. रोज सकाळी आठच्या सुमाराला ते फडक्यात गुंडाळलेला गरम पाव आमच्या ओट्यावर आणून ठेवायचे. "फेकायला जीव हुईना. तुमीच खावा." आणि घरी जाऊन गॅसवर भाकरी थापायचे. मग साहेबाला रोज लावायचा कशाला? भास्करला दाखवायला? भास्कर काही रोज बघायला येत नव्हता. मी विचारलं की ते विषय बदलायचे. "तुझी भाकरी हल्ली बोलत न्हाय. आफिसात जास्त काम हाय व्हय?"

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे पहाटे कधीकधी लाइट जाते. ज्या दिवशी गेली त्या दिवशी तात्यांचं काहीतरी बिनसायचं. दुपारपर्यंत कट्ट्यावर जायचे नाहीत, कुणाच्या भाकरीला टिचकी मारायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "म्हातारा पावाला चटावलाय, कबूल करत न्हाय." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग एकदा मला ऑफिसच्या कामाला पुण्याला जायचं होतं, पहिल्या एसटीनं. सासूबाई माहेरी गेल्या होत्या, नवरा उसाला पाणी द्यायला रानात. घराची किल्ली तात्यांकडे द्यावी म्हणून गेले. उजाडायला अवकाश होता. त्यांचं दार नुसतं लोटलेलं असतं, ते ढकललं. घरात अंधार. फक्त साहेबावरचा आकडा हिरवा उजळला होता आणि आतून आवाज येत होता. घर्र, थप. घर्र, थप. पिठाचा गोळा भांड्याच्या कडेवर आपटत होता.

तात्या बाजेवर पडले होते. गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली आणि डोळे टक्क उघडे.

"तात्या, बरं वाटत नाही का?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी तशीच उभी राहिले. घर्र, थप. घर्र, थप. मग ते थांबलं. घर एकदम शांत झालं. तात्या तरी हलले नाहीत.

"पुन्यांदा लागंल," ते हळूच म्हणाले. "मधी जरा इसावा घेतंय."

खरंच पुन्हा सुरू झालं. मी बाजेच्या कडेला बसले. किल्ली हातातच होती.

"उठायचं नाही का तात्या? तुम्ही तर सगळ्यांच्या आधी उठता."

"ती गेल्यापास्नं उठतोय," ते म्हणाले. आढ्याकडं बघत होते. "आदी ह्या घरात मी कधी पयला उठलोच न्हाय बघ, सूनबाई. डोळा उघडायच्या आदी कानावर काटवट यायची. ती आपली मळतीया, थापतीया, बांगड्या वाजत्यात. मी जागाच असायचो. पर उठायचो न्हाय. उठलो की ती थापायची थांबायची, च्या टाकायला. म्हणून पडून ऱ्हायचो. आळशी म्हणायची मला." ते जरा हसले. "मग ती गेली. येवढं मोठं घर, आन् सकाळी पयला आवाज माझाच. मीच चूल फुकायची, मीच थापायचं, मीच आयकायचं. लई वंगाळ वाटतंय गं ते. ह्या साहेबाला राती पीठ घालून ठेवलं की पहाटं आपला आपण उठतोय. मी आपला पडून ऱ्हातो. वाटतंय, हाय कुणीतरी. आपल्या आदी उठलंय."

माझे डोळे भरून आले, अंधार होता ते बरं झालं. साहेब मळत राहिला. लाइट गेलेल्या सकाळी तात्या का रुसायचे, ते मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं आवाज थांबला तो थांबलाच. आता पीठ फुगायचं होतं. तात्या उठले, दिवा लावला, बाही दुमडली आणि गॅसवर तवा ठेवला. "एसटीत खायला न्हे. उपाशी जाऊ नगं." मी नको म्हणून उपयोग नव्हता. ते काटवटीपुढं बसले आणि थापायला लागले. भाकरी फिरत फिरत मोठी होत गेली. तव्यावर टुमकन फुगली. त्यांनी ती उचलली, दिव्याच्या उजेडात धरली, टिचकी मारली आणि कान लावला.

मी विचारलंच. "तात्या, आता खरं सांगा. भाकरी कुणाची चांगली होती? तुमची का काकूंची?"

भाकरी त्यांच्या कानाजवळच राहिली.

"तिची," ते म्हणाले. "तिच्यावानी मला अजून जमली न्हाय. रोज बघतोय करून." त्यांनी भाकरी फडक्यात ठेवली आणि पुढचा गोळा हातात घेतला. "तिच्या म्होरं कधी बोललो न्हाय. बोलाया पायजे व्हतं."

"कळलं असेल त्यांना," मी म्हटलं.

तात्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. दोन भाकऱ्या, लसणाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "पळ आता, यस्टी जाईल! आन् भास्करचा फोन आला तर सांग, म्हातारा पाव खातोय, लई आवडतोय म्हणून."

किल्ली त्यांच्या हातात देऊन मी निघाले. अजून उजाडलं नव्हतं, आळी झोपलेली होती. स्टँडच्या वळणापर्यंत मला तात्यांच्या थापण्याचा आवाज येत होता. कान देऊन ऐकलं, तर थाप चांगली जड होती.